ओल्या वाळूतलं माप

६ जानेवारी १९८६, सोमवार

दुसरी लाल फुली!

कारखान्यात कमलाकांतसाहेब आज टेबलाखाली वाकून बघत आले. सगळ्यांचे पाय बुटांत. माझे बाहेर! बूट आपले शेजारी जोडीने ठेवलेले, देवळाबाहेर ठेवतात तसे. "नवसी, हे काय?" काय सांगणार? मी काढले नव्हते — पाय आपणहून बाहेर आले. मी बाटल्यांना लेबलं चिकटवत होते आणि मनाने केव्हाच नवापूरच्या किनाऱ्यावर पोचले होते. ओहोटी लागलेली, वाळू ओली, कुणीच नाही, आणि मी चालतेय, चालतेय… तेवढ्यात साहेबांचं लाल पेन.

तीन फुल्या झाल्या की नाव कट. औषधाच्या बाटल्या फुटतात, काच पायात जाते, म्हणून बंद बूट सक्तीचे. नियम खोटा नाही. मला पटतो. माझ्या पायांना पटत नाही, त्याला मी काय करू?

आता एकाही चुकीला जागा नाही. तेरा मार्चला आमच्या चार नंबरच्या टेबलावरची एकजण पक्की होणार. एकच! बाकीच्या अकराजणींनी घरी जायचं.

७ जानेवारी

ही डायरी कंपनीची. साहेबांनी बड्या लोकांना वाटली, उरली ती आम्हाला. प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात — 'रोज दोन चमचे'. मी रोज दोन ओळी लिहीन म्हणते. जमेल असं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. पाय मिठाच्या गरम पाण्यात, डायरी मांडीवर.

करंगळीचं नख काळं पडलंय. टाचेवरचा फोड फुटला, त्याच जागी नवा आला. कंपनीचे बूट सात नंबरचे आहेत, लांबीला अगदी बरोबर. पण माझं पाऊल पुढे पसरट. लहानपणापासून वाळूत, चिखलात, आईच्या मागे धावत वाढलेलं. पाचही बोटं सुटी सुटी, ऐसपैस राहणारी. त्यांना त्या बुटात एकमेकींच्या अंगावर झोपावं लागतं.

आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, "कोंबड्या कोंडाव्या तशी कोंडतेस पायांना! माज्या पायात कदी चप्पल बगितलीस?" नाही बघितली. पन्नाशी आली तिची. रोज मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात. कधी एस.टी.चा कंडक्टर वासाला नाक मुरडतो, पाटी चढवू देत नाही, मग पायी. परवा परत आली तर उंबऱ्यावरच बसली, पाणी मागितलं आणि प्यायची विसरली.

मी पक्की झाले की ती पाटी मी माझ्या हाताने उतरवून माळ्यावर टाकणार आहे. हे तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर हसेल. म्हणून इथे लिहिते.

१३ जानेवारी

पाळी सुटल्यावर बोईसरमधली चपलांची सगळी दुकानं पालथी घातली.

"लेडीजमध्ये सातच्या पुढे येत नाही ताई."
"लांब नकोत, रुंद हवेत."
"रुंदीचा नंबर नसतो."

खरंच की! लांबीला नंबर आहे, रुंदीला नाही. ज्याने कुणी हे नंबर काढले त्याने बायकांची पावलं लांबूनच बघितली असणार. दुसरा दुकानदार म्हणाला, "घाला हो, सैल होतात आपोआप." — आपोआप! माझे आठ महिन्यांत झाले नाहीत ते.

तिसऱ्या दुकानात काचेमागे एक पांढरी जोडी होती. आत मऊ अस्तर, समोरून गोल. मी बघतच राहिले. त्या बुटांत मी टेबलाशी उभी आहे, दुपार झाली, चार वाजले, पाय दुखत नाहीत, खिडकीतून वारा येतोय, आणि हात असे चालतायत की बाटल्यांनीच पुढे यावं… "घालून बघणार का नुसतं बघणार?" दुकानदाराने विचारलं. घालून बघितले. अंगठ्यापाशीच अडले.

१४ जानेवारी

संक्रांत. साहेबांनी टेबलाटेबलावर जाऊन तिळगूळ दिला. मला देताना म्हणाले, "गोड बोला आणि बूट घाला." सगळ्या हसल्या. मीही हसले. आत ठणका लागला होता.

१६ जानेवारी

लाडकीबद्दल लिहायचं राहिलंच.

चार नंबरच्या टेबलावर बाराजणी असलो तरी हात दोघींचेच — माझा आणि लाडकीचा. हे साहेबांना माहीत, आम्हाला माहीत, बाकीच्या दहाजणींनाही माहीत. एक महिना बाटल्यांच्या आकड्यात मी पुढे, एक महिना ती. ती बेटेगावची. घरची डोंगराकडची जमीन, पाऊस पडला तर भात, नाही तर काही नाही. दिवाळी झाली की तिचे आईबाप, भाऊ, सगळे वीटभट्टीवर जातात ते आगोटीला, पावसाच्या तोंडावरच परत. या वर्षी ती एकटी मागे राहिली, या नोकरीसाठी.

आज कपडे बदलायच्या खोलीत तिने बूट काढले. मी सहज बघितलं — आणि माझंच पाऊल! तीच सुटी बोटं, तशीच रुंदी. फक्त तिच्या टाचांना भेगा जास्त. मी माझं पाऊल तिच्या पावलाशेजारी ठेवलं. दोघी बघत बसलो. मग तीच म्हणाली, "सटवीनं एकाच दिशी बनवलीत." इतक्या हसलो की बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

तिच्याही दोन फुल्या झाल्यात.

जाताना म्हणाली, "मी भट्टीवर परत नाय जायची, नवसी. मेली तरी नाय." हसत नव्हती तेव्हा.

१७ जानेवारी

रात्री स्वप्नात टेबलाखाली समुद्र आला होता. आमचे चोवीस पाय पाण्यात. साहेब काठावर उभे, लाल पेन घेऊन, आणि त्यांना पोहता येत नाही!

२० जानेवारी

बाबांचे जुने कॅनव्हासचे बूट घालून गेले. पुरुषांचे, नऊ नंबर. रुंदीला छान! बोटं अशी पसरली की मी लेबलं चिकटवताना गुणगुणायला लागले. पण लांबी किती! पुढच्या मोकळ्या जागेत फडकं कोंबलं होतं. बाटल्यांचा ट्रे उचलून वळले, बुटाचं टोक टेबलाच्या पायात अडकलं आणि मी भुईवर. अख्खा ट्रे! सगळीकडे लाल औषध आणि काच. त्यात बसलेली मी.

साहेब ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "अनवाणी असतीस तर आज पाय गेले असते." आणि फुली दिली नाही. बरा माणूस आहे. त्याचाच त्रास होतो. वाईट असता तर शिव्या तरी घातल्या असत्या मनात.

मशीनवरच्या भय्याने काच झाडायला मदत केली. म्हणाला, "पालघर जाओ. स्टेशन के पास पंढरी मोची है. नाप लेके बनाता है." नाप घेऊन! माझ्या पायाचं माप आजवर कुणी घेतलंय? ब्लाउजचं घेतलंय, बांगडीचं घेतलंय. पायाचं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

एस.टी.ने पालघरला.

पंढरीकाका साठीचे असतील. चष्मा दोरीने कानाला बांधलेला. दुकान म्हणजे एक फळी, वर पत्रा, आणि मागे भिंतीवर ओळीने लाकडी पावलं टांगलेली. कुणाकुणाची! प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. मी नावं वाचत गेले — सगळी पुरुषांची. "बायकांची कुठायत?" विचारलं. म्हणाले, "बायका येत नायत. नवरा येतो, सुतळीला गाठ मारून आणतो, म्हणतो एवडा पाय हाय. परक्या माणसानं पायाला हात लावायचा नाय ना." मी म्हटलं, माझा नवरा नाही, मीच आलेय.

हसले. पण हात त्यांनीही लावला नाही. एक कोरा कागद जमिनीवर पसरला, पेन्सिल दिली. "उबी र्‍हा यावर. तूच रेघ मार भवताली."

कागदावर पाय! माझ्या अंगावर काटा आला. शाळेत पाटीला पाय लागला तरी आम्ही कपाळाला लावायचो. पण काय करणार, ठेवला. हलकेच ठेवला, वाकून रेघ मारली, आणि पाय उचलल्यावर कागदाला हात लावून कपाळाला लावला. पंढरीकाका बघत होते. पांढरं कॅनव्हास, आतून मऊ चामडं, तळ रबराचा. दोन आठवडे लागतील म्हणाले.

दोन आठवडे! परत येताना एस.टी.त खिडकीशी बसले आणि ते बूट मनात शिवून झाले. बोईसर आलं तेव्हा मी ते घालून चालतसुद्धा होते.

२९ जानेवारी

पाय सुजलेत. तरी बूट काढले नाहीत. आठ तास.

३ फेब्रुवारी

लाडकी म्हणते, पाय दुखायला लागले की ती मनातल्या मनात बेटेगावच्या ओढ्यावर जाते. मी किनाऱ्यावर, ती ओढ्यावर. आणि टेबलाशी दोघींचे नुसते हात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बूट मिळाले आणि होत नाहीत!!

इतके सुंदर. टाके बघत राहावे असे. फळीवर बसून घातले — बरोबर. उभी राहिले — दोन्ही कडांनी दाबायला लागले. तोच दाब, तीच करंगळी. मला रडूच आलं. रस्त्यावर, पालघर स्टेशनच्या वर्दळीत, साठीच्या परक्या माणसासमोर.

पंढरीकाकांनी तो माझ्या रेघेचा कागद काढला, मग माझ्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "पोरी, तू त्या दिवशी पाय टेकवलाच नव्हतास."

खरं होतं! कागदावर भार कसा टाकणार? मी पाऊल नुसतं ठेवलं होतं, पूजेच्या पाटावर ठेवावं तसं. अंग सगळं दुसऱ्या पायावर. म्हणून माप आलं ते निम्म्या पायाचं.

"माजंच चुकलं," ते म्हणाले. "पुरुष दणकन उबा र्‍हातो कागदावर. बाई न्हाय र्‍हात, ह्ये मला कळाया पायजे व्हतं." मग फरशीवर उभी राहा म्हणाले. राहिले. पण येणारे-जाणारे बघत होते, माझी बोटं आपोआप आवळून गेली. त्यांनी मान हलवली. "असं न्हाय. तू कुटं पाय टाकताना इचार करत न्हाईस?"

मी म्हटलं, ओहोटीला. ओल्या वाळूत.

"मग त्या वाळूतलं माप आण. नवा साचा कोरतो."

९ फेब्रुवारी, रविवार

आजची ओहोटी अमावास्येची. पाणी पार लांब गेलेलं, वाळू गुळगुळीत, वर पाण्याची पातळ झाक, त्यात आकाश. पहिल्या पाळीहून आले ती तशीच किनाऱ्यावर. सोबत आई. मी बोलावलं नव्हतं, तीच आली, कंबरेला जाळ्याचं सूत आणि डोक्यावर पाटी. म्हटलं, पाटी कशाला? "तू आट तास उबी र्‍हातेस ना? मग मोकळ्या अंगाचं माप काय कामाचं? भाराखालचं पाऊल येगळं." आणि पाटी माझ्या डोक्यावर दिली. भरलेली! सुकी मासळी काठोकाठ.

उभी राहिले. डोक्यावरचा भार मानेतून, कंबरेतून खाली उतरला आणि पाऊल वाळूत पसरत गेलं. मला जाणवत होतं, एक एक बोट कसं जागा घेतंय. किती दिवसांनी! मी डोळे मिटले. पाणी लांबून आवाज करत होतं. मी कुठे आहे तेच विसरले.

"हाल नको," आई खालून म्हणाली. डोळे उघडून, मान न हलवता बघते तर आई गुडघ्यांवर बसलेली, ओल्या वाळूत, माझ्या पायाशी. सूत पावलाच्या भोवती फिरवत होती. टाचेशी एक गाठ, मधल्या भागात दोन, बोटांशी तीन. जाळ्याचा डोळा मोजतात तसं, चुकायला नको म्हणून दोनदा. वाळू लागलेला हात लुगड्याला पुसून पुन्हा मोजलं. मला म्हणायचं होतं, आई ऊठ, तू माझ्या पायाशी नको बसू. पण डोक्यावर पाटी. मान खाली करता येईना.

उठताना गुडघा धरला तिने. म्हणाली, "बापाचा पाय हाय तुजा." बाबा बोटीवर होते, नाही तर ऐकून खूश झाले असते.

तिच्या पावलांचे ठसे माझ्या शेजारी होते. माझ्याहून रुंद.

१० फेब्रुवारी

सुताची गुंडाळी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पालघरला पाठवली. पंढरीकाकांचा निरोप आला — 'पोचलं. गाठी समजल्या.'

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पालघरला गेले नाही. जाऊन बसले असते तर त्यांच्या हातून काम झालं नसतं. दिवसभर अंगणात बसून मनातच त्यांच्या समोर बसले होते. लाकूड तासण्याचा आवाज येत होता मला, शप्पथ!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झाले. आणलेत. आज घालणार नाही. उद्या.

पंढरीकाकांनी माझं लाकडी पाऊल भिंतीवर टांगलं. पेन्सिलीने लिहिलं — 'नवसी, नवापूर'. पुरुषांच्या त्या रांगेत एकटी.

ते उद्या गावी चाललेत, मुलीचं लग्न आहे. होळी करूनच येणार.

२२ फेब्रुवारी

आज पाय आठवलेच नाहीत.

२३ फेब्रुवारी

अजून एवढंच लिहायचंय की संध्याकाळी किनाऱ्यावर गेले आणि बूट काढायची घाई झाली नाही. कामावरही हातातली बाटली कधी खाली ठेवली, दुसरी कधी उचलली, कळलं नाही. कालचा आकडा टेबलावर सर्वांत वर! साहेबांनी नुसती मान हलवली, पण माझ्याकडे बघून. रात्री आईची पाटी उतरवून घेताना मला हसू येत होतं. "काय गं?" "काय नाही." सांगीन तेरा मार्चला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून यादी लागेपर्यंत आमचं टेबल दोन पाळ्यांत: माझी पहिली, सहा ते दोन. लाडकीची दुसरी, दोन ते दहा. दोनला कपडे बदलायच्या खोलीत भेट झाली. ती बूट घालत होती. कंपनीच्या बुटाच्या पांढऱ्या कॅनव्हासवर करंगळीपाशी तांबडा डाग आला होता, आतून. मी विचारलं, औषध सांडलं का? ती म्हणाली, "नाय."

तिने बंद बांधले. उभी राहिली. चेहरा तसाच ठेवला, जरासुद्धा हलू दिला नाही. मी म्हटलं, चल मी निघते. निघालेच. गेटपर्यंत गेले. गेटपर्यंत जाताना काय काय मनात आलं ते लिहायला नको. एकच जागा आहे. ती आज बूट काढणार, पाचच्या आत काढणार, हे मला माझ्या पायांनी माहीत होतं. तिसरी फुली. मग टेबलावर दुसरं कोण?

परत फिरले. वॉचमन म्हणाला, "क्या भूल गयी?" मी म्हटलं, हां.

लाडकी जिन्यावर होती. बूट काढून तिच्या हातात दिले. ती घेईना. "तुजे हायत ते." मी म्हटलं, सटवीने एकाच दिवशी बनवलीत ना पावलं, मग घाल. घातले. एक पायरी चढली, थांबली, माझ्याकडे बघितलं. मी एस.टी.त अनवाणी बसले, पाय वर घेऊन.

२६ फेब्रुवारी

बूट आता कारखान्यातच राहतात. दोनला मी काढते, ती घालते. रात्री ती खुंटीला टांगून कंपनीच्या टेम्पोने घरी जाते, पहाटे मी घालते. दुपारी तिच्या हातात देताना ते गरम असतात. दिवसभर बूट गार होतच नाहीत!

तिच्यासाठी एक जोडी करून घेऊ म्हटलं. पण पंढरीकाका होळीनंतर येणार, आणि तोवर यादी लागलेली असणार.

२ मार्च

लाडकी बुटात सुकलेलं हळदीचं पान ठेवते. वास येतो. ओढ्याकडचं आहे म्हणे. मला पहाटे बूट घालताना वाटतं, मी कुणाच्या तरी अंगणात पाऊल टाकतेय.

५ मार्च

पाळी बदलताना साहेब आज सगळ्यांसमोर म्हणाले, "लाडकीचा हात बघा! दुखणं गेल्यासारखी काम करते पोरगी." माझ्यापेक्षा पुढे गेली ती. दोन दिवस सलग.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? माझ्या आईने वाळूत गुडघे टेकून घेतलेलं माप ते.

६ मार्च

आज बूट घरी आणले. मुद्दाम. पिशवीत घालून, तिच्या यायच्या आधी निघून.

समोर ठेवून बसलेय. पांढरे, गोल, शहाणे. माझेच आहेत. माझ्यासाठी केलेत. माझं नाव टांगलंय भिंतीवर. आई म्हणाली, "आज बूट घरी कशे?" मी म्हटलं, धुवायचेत.

८ मार्च

काल सुट्टी. आज गेले. परवाची सगळी दुसरी पाळी लाडकीने तिच्या जुन्या बुटांत काढली, एकदाही न काढता. तिच्या पाळीतल्या बायका सांगत होत्या, शेवटी शेवटी टेबलाला धरून उभी होती. आकडा मात्र कमी झाला नाही.

दोनला आली. मला वाटलं बोलेल. भांडेल. तिने खुंटीकडे बघितलंसुद्धा नाही. आपले जुनेच काढले पिशवीतून आणि खाली बसली. मी बूट काढून तिच्यापुढे ठेवले. म्हणाली, "धुतलेस?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "बरं केलंस."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिला कळलं होतं, आणि तिने मला सोडून दिलं होतं.

११ मार्च

दोघींचे आकडे जवळजवळ सारखे. कधी ती, कधी मी. सगळ्या टेबलाला आता याचीच गंमत. साहेब म्हणाले, "तुमच्यात निवडायचं म्हणजे मला चिठ्ठ्याच टाकाव्या लागतील." मी आजचा दिवस खूप छान केला. शेवटच्या तासाला पुन्हा किनाऱ्यावर जाऊन आले, पण या वेळी बूट घालून.

१२ मार्च

उद्या. रात्री जेवताना आईला सांगायचं ओठांवर आलं होतं. गिळलं. उद्याच सांगू.

१४ मार्च, शुक्रवार

काल यादी लागली. काल लिहवलं नाही. नाव लाडकीचं. साडेतीनशे बाटल्यांनी.

आज ती आली, बेटेगावाहून इथवर अनवाणी. मी पाणी दिलं. दोघींनाही एकमेकींकडे बघवेना. तिने फडक्यातून बूट काढले. धुतलेले, पांढरा खडू लावलेले. "तुजे तुला," म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. हो, खूप रडले. मग ते तिच्या पायांत घातले, बंद मी बांधले, खाली बसून.

उद्या सहाची पाळी आहे तिची.